मुरूम, जांभा आणि मंगळावरचा काळा दगड

सातारा जिल्ह्यात दगड म्हटला की काळाच. अजिंक्यताऱ्याचा कडा असो, प्रतापगडाची तटबंदी असो की माण तालुक्यातल्या विहिरीचा तळ, सगळीकडे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. हाच दगड चंद्रावर आहे; पौर्णिमेला आपण ज्याला ससा म्हणतो तो बेसॉल्टचाच. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचा. आणि मार्च 1982 मध्ये शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत यानांनी, व्हेनेरा 13 आणि 14 यांनी, तिथल्या जमिनीचा नमुना तपासला तर तोही याच जातीचा निघाला.

मी पाणलोटाच्या कामावर असते, माण-खटाव भागात. उतारावर सलग समतल चर आखायचे, ओघळीला दगडी बांध घालायचे, नालाबांधाची जागा ठरवायची. दगड कसा फुटतो, माती कुठून सुटते आणि कुठं जाऊन बसते, हे बघण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे मंगळाचे किंवा शनीच्या टायटन या उपग्रहाचे फोटो समोर आले की मी आधी उतार बघते, ओघळी बघते, गोटे बघते. परग्रहांविषयी आपल्याकडे जे लिहून येतं त्यात तिथं जीव आहे का आणि माणूस कधी जाणार, एवढंच फार असतं. तिथला दगड कशानं झिजतो हे क्वचितच कुणी सांगतं. मला तर सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात इथूनच करू. कोरेगावहून पुसेगावकडे जाताना वर्धनगडाचा घाट लागतो. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं थांबून बघा. कापलेल्या भिंतीत मोठाले गोल धोंडे एकाशेजारी एक बसलेले दिसतात, आणि प्रत्येक धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बाहेरचा पापुद्रा बोटानं दाबला तर पिवळट भुगा हातात येतो. आतला जरा घट्ट. अगदी गाभ्याला हातोडी मारली तर खणखणीत आवाज येतो, तिथं अजून मूळचा काळा दगड शाबूत आहे.

हे धोंडे कुणी वाहून आणलेले नाहीत, ते जागच्या जागी गोल झालेत. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात, खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. पावसाचं पाणी चिरांतून आत शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगानं चढाई करतं, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होत जातो. पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे ते किंचित आंबट असतं. बेसॉल्टमधली खनिजं त्यापुढं टिकत नाहीत. हिरवट ऑलिव्हिन सगळ्यात आधी जातं, फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोहाला गंज चढतो. नव्या खनिजांना जागा जास्त लागते, म्हणून पापुद्रा फुगून मूळ दगडापासून सुटतो. या भुसभुशीत झालेल्या दगडाला आपण मुरूम म्हणतो आणि रस्त्यावर पसरतो.

आमच्या कामावर एक तात्या आहेत, ज्यांची हयात विहिरी खोदण्यात गेली. वर काळी माती, मग चुनखडी, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, शेवटी काळा पाषाण, हा क्रम ते हाताच्या बोटांवर सांगतात. पाणी कुठं लागेल हे ते मुरमाच्या रंगावरून ओळखतात. एकदा एका शेताच्या कडेला पहारीनं दोन ठोके घालून म्हणाले, “म्याडम, ह्यो खडक आजून कच्चा हाय. ह्यात पानी शिरल्यालं न्हाय, मग आपल्याला कुटनं मिळायचं?” भूजलाच्या पुस्तकात हेच चार पानांत सांगितलेलं असतं.

आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कासला जाऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. सरळ रेषेत ही दोन गावं शंभर किलोमीटरच्या आत आहेत. खाली दगड तोच. पण कासच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या खडकावर, मुरूम नाही, काळी मातीही नाही, तिथं जांभा आहे. इतकं पाणी इतका काळ त्या दगडातून झिरपलं की कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम तर गेलंच, सिलिकासुद्धा धुऊन गेली. मागं उरलं ते लोह आणि अॅल्युमिनियम, तांबडं, सच्छिद्र, वरून टणक. माणमध्ये पाणी कमी, म्हणून कॅल्शियम वाहून जायच्या आधीच वाळतं आणि चुनखडीचे खडे होऊन मातीतच राहतं. कासच्या फुलांचे फोटो सगळेच काढतात. माझं म्हणणं इतकंच, की एकदा खाली बसून तो सडाही बघा, कारण ती फुलं तिथं आहेत ती या उपाशी, पातळ मातीमुळंच. धष्टपुष्ट जमीन असती तर झाडाझुडपांनी त्यांना केव्हाच झाकून टाकलं असतं.

एका जिल्ह्यात पाऊस बदलला तर एका दगडाचं हे असं दोन तऱ्हांनी होतं. पाऊस नसलेल्या जागी काय होत असेल, हे समजायला चंद्र आहे.

अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी जुलै 1969 मध्ये आणलेला बेसॉल्ट साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना निघाला. सह्याद्रीच्या दगडापेक्षा पन्नासपट वय. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो काल थिजल्यासारखा स्वच्छ. त्यात ऑलिव्हिन जसंच्या तसं, गंजाचा मागमूस नाही. पाणी नाही, हवा नाही, तर खनिज बदलायला काही कारणच नाही. तिथं झीज होते ती वरून येणाऱ्या बारीक-बारीक उल्काकणांच्या माऱ्यानं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांनी. दिवसा शंभराच्या वर आणि रात्री उणे शंभराच्याही खाली जाणाऱ्या तापमानानं दगडाला चिरा पडतात. या सगळ्यानं मिळून दहा लाख वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी खडक झिजतो. आमच्या भागात उघड्या रानावर वळवाचा एक चांगला पाऊस झाला की तेवढी माती एका दुपारी जाते.

चंद्रावरच्या धुळीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिचा प्रत्येक कण धारदार असतो. आपल्याकडे वाळू पाण्यातून, वाऱ्यातून घरंगळते, कोपरे मोडतात. तिथं फुटलेला तुकडा फुटला तसाच राहतो. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 मधून हॅरिसन श्मिट गेले होते, ते स्वतः भूवैज्ञानिक. त्या धुळीनं यानात परतल्यावर त्यांचं नाक चोंदलं, घसा खवखवला. पोशाखाचे सांधे धुळीनं घासले गेले. गोल कण म्हणजे कुणीतरी त्याला वाहून आणलंय, आणि टोकदार कण म्हणजे तो जिथं फुटला तिथंच आहे. ओढ्यात काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, फक्त आपण ते चंद्राला लावून बघत नाही.

मंगळ या दोहोंच्या मध्ये कुठंतरी आहे, आणि त्याचं कोडं म्हणूनच जास्त ओढून घेतं.

जानेवारी 2004 मध्ये स्पिरिट ही गाडी गुसेव विवरात उतरली. तिनं तपासलेल्या पहिल्या दगडाला अॅडिरॉनडॅक असं नाव दिलं होतं. वरचा पृष्ठभाग खरवडून आत बघितलं तर ऑलिव्हिन असलेला साधा बेसॉल्ट. म्हणजे अब्जावधी वर्षं उघड्यावर पडूनही जे खनिज वर्धनगडाच्या घाटात सगळ्यात आधी नाहीसं होतं ते तिथं शाबूत. त्या मैदानाची झीज शंभर कोटी वर्षांत काही सेंटीमीटर एवढीच असावी, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

मंगळ तांबडा आहे म्हणून मंगळाची तुलना लोक लगेच कोकणातल्या किंवा कासच्या जांभ्याशी करतात. मला ते पटत नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी या गाडीनं गेल विवरात पहिल्यांदा दगडाला भोक पाडलं. बाहेर आलेली भुकटी करड्या रंगाची होती. तांबडेपणा धुळीचा होता, वरवरचा. जांभ्याची खाण बघा, चिरा कितीही खोल कापला तरी आत तांबडाच. जांभ्याचा रंग पाण्यानं अंगभर मुरवलेला आहे, मंगळाच्या त्या दगडावर तो नुसता बसलाय.

पण त्याच करड्या भुकटीत दुसरी गोष्ट सापडली. त्या गाळाच्या दगडात सुमारे पाचवा हिस्सा चिकणमातीची खनिजं होती, स्मेक्टाइट कुळातली. आपल्या काळ्या मातीत भरलेली असतात ती याच कुळातली. पाणी पिऊन फुगणारी आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. बेसॉल्ट बराच काळ पाण्यात राहिल्याशिवाय ही खनिजं होत नाहीत. पुढं त्याच विवरात वाळलेल्या चिखलाच्या भेगांचे दगड झालेलेही दिसले, बहुकोनी जाळीच्या जाळी. तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावरून नजर काढू शकले नाही. तळं आटल्यावर गाळाला पडतात त्याच भेगा, फक्त तीनशे कोटी वर्षांहून जुन्या.

आणि मॉर्थ व्हॅलिस नावाच्या भागात तर कक्षेतून फिरणाऱ्या यानांना थर दिसलेत: वर अॅल्युमिनियमची चिकणमाती, खाली लोह-मॅग्नेशियमची. वरून पाणी झिरपत गेलं आणि वरच्या थरातली विरघळणारी द्रव्यं धुतली गेली की असा क्रम लागतो. तात्यांच्या बोटांवरचा क्रम वेगळा असला तरी वाचायची रीत तीच. म्हणजे मंगळावरही कधीकाळी दगड पिकत होता, मग पाणी गेलं आणि ते काम अर्धवट राहिलं.

सप्टेंबर 2012 मध्ये क्युरिऑसिटीनं पाठवलेला एक फोटो मी तात्यांना मोबाइलवर दाखवला होता. कुठला आहे ते सांगितलं नाही. तुटलेल्या खडकाची कड, त्यात वाळूबरोबर घट्ट झालेले बारीक गोल खडे आणि खाली सुटून पडलेले काही. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

“वढ्यातलं गोटं हायती. घट झाल्यात.”

“पाणी किती असेल तात्या, या ओढ्याला?”

“लई न्हाय. घोट्याच्या वर, मांडीच्या खाली. जास्ती असतं तर धोंडं आलं असतं. कुटला वढा म्हनायचा ह्यो?”

मंगळावरचा आहे म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, फोटो मात्र परत मागून घेऊन बघितला. शास्त्रज्ञांचा अंदाजही घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी, असाच होता.

पाणी गेल्यानंतर मंगळावर कामाला उरला वारा. इथं चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत, पावसाळ्यात तिथं उभं राहवत नाही इतका वारा. तरी तो खडक कोरत नाही, कारण जमीन ओली असते आणि गवतानं धरलेली असते, उडवायला वाळू मिळत नाही. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही विरळ. तिचा जोर फार थोडा. पण तिला मोकळी बेसॉल्टची वाळू आहे आणि अडवायला ना गवत ना ओल. तीनशे कोटी वर्षं ती वाळू दगडांना घासतेय. 2013 च्या सुमारास क्युरिऑसिटीच्या चाकांना भोकं पडायला लागली, तेव्हा त्याला कारण हेच दगड होते, वाऱ्यानं सुळक्यासारखे धारदार केलेले आणि जमिनीत पक्के रुतलेले. चाकांचा अॅल्युमिनियमचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा. पुढं गाडीचा मार्ग दगड बघून आखायला लागला.

ओघळींविषयी एक सांगायलाच हवं. मंगळावरच्या विवरांच्या कडांवर ताज्या ओघळी आहेत हे 2000 साली जाहीर झालं, तेव्हा वाहत्या पाण्याची फार चर्चा झाली. वर घळ, मध्ये अरुंद नाळ, खाली पसरलेला गाळ, अगदी आमच्या डोंगरांवर असतात तशा. पण त्यातल्या ज्या आज बदलताना दिसतात त्या हिवाळ्यात बदलतात, कार्बन डायऑक्साइडचं दहिवर पडतं त्या दिवसांत. ते गोठलेलं दहिवर थेट वायू होतं आणि सैल माती खाली घसरवतं. मला हे वाचून बजावल्यासारखं वाटलं, की नुसत्या आकारावरून निकाल द्यायचा नाही. ओघळ दिसली की तिच्या माथ्यावर पाणलोट किती आहे ते आधी मोजायचं, हे आम्ही इथं शिकवतो आणि ते तिथंही लागू आहे.

जेझेरो विवराबद्दल मात्र शंका घ्यायला फारशी जागा नाही. 18 फेब्रुवारी 2021 ला पर्सिव्हिअरन्स ही गाडी मंगळावर तिथं उतरली. सुमारे 45 किलोमीटर रुंदीचं विवर, त्याच्या काठातून आत शिरलेली नदी आणि तिच्या तोंडाशी पसरलेला गाळाचा पंखा. आपल्या लोणारला जा, बेसॉल्टमध्येच झालेलं विवर आहे, पावणेदोन-दोन किलोमीटरचं. धारेच्या, म्हणजे काठावरच्या झऱ्याच्या, बाजूनं काठ कापत आलेली घळ आहे आणि तळाशी तिनं टाकलेला पंखा आहे. लोणार बघितलेल्या माणसाला जेझेरोचा नकाशा वेगळा समजवावा लागत नाही.

शुक्राचं थोडक्यात सांगते. 460 अंशांच्या वर तापमान, पृथ्वीच्या नव्वदपट दाब. सल्फ्युरिक आम्लाचा पाऊस ढगांतून निघतो पण जमिनीला लागायच्या आधीच वाफ होऊन जातो. जमिनीलगत वारा माणसाच्या चालण्याइतका किंवा त्याहून संथ. म्हणून तिथली विवरं बहुतेक ताजी दिसतात. दगड बदलत असेल तर त्या तप्त वायूंशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनं. पण शुक्राकडं बघताना मला आपल्या चुनखडीची किंमत कळते. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, बेसॉल्टमधल्या कॅल्शियमबरोबर त्याची गाठ पडते, काही माणच्या मातीत खडा होऊन राहतो, काही कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो आणि पुढं चुनखडकात अडकतो. सह्याद्री झिजतोय तो हवेतला हा वायू बाजूला काढत झिजतोय. शुक्रावर पाणीच नाही, तर हा रस्ता बंद, आणि तो सगळा वायू डोक्यावर तसाच साचलेला.

आता शनीचा उपग्रह टायटन. इथं सगळं उलटं होतं, दगड वेगळा आणि कारागिरी ओळखीची. 14 जानेवारी 2005 ला ह्युजेन्स हे यान तिथं उतरलं. खाली येताना त्यानं काढलेल्या फोटोंत ओहोळाला ओहोळ मिळत जाणारं जाळं दिसतं, पाणलोटाच्या नकाशावर आम्ही काढतो तसंच. उतरल्यावर समोर गोलसर गोटे. ते गोटे पाण्याच्या बर्फाचे, कारण उणे 179 अंशांना बर्फच तिथला खडक असतो. पाऊस मिथेनचा. विड फ्लुमिना ही तिथली नदी 400 किलोमीटरहून लांब, लायजिया या समुद्राला जाऊन मिळणारी, आणि तिच्या घळी काही ठिकाणी 500 मीटरपेक्षा खोल.

टायटनच्या पावसाचा मी पुन्हा पुन्हा विचार करते, कारण थेंबाचा मार हा आमच्या कामातला पहिला धडा. इथं टपोरा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं उघड्या मातीवर आपटतो आणि तिचे कण सुटे करतो. धूप तिथूनच चालू होते. टायटनचं गुरुत्व आपल्या सातव्या हिश्श्याइतकं आणि हवा दाट, त्यामुळे सेंटीमीटरभर मोठा थेंबसुद्धा सेकंदाला दीड-दोन मीटरनं, सावकाश खाली येतो. मारानं काही सुटायचं नाही. पण एकदा प्रवाह जमला की गणित फिरतं. मिथेन हलकं असलं तरी त्यात बुडालेला बर्फाचा गोटा आपल्या पाण्यातल्या दगडाच्या मानानं खूपच कमी भारी असतो, वर गुरुत्व कमी. थोड्या प्रवाहातही तो गडगडत जाईल. माझ्या समजुतीप्रमाणं तिथं चर आणि बांध घालायची वेळ आली तर उतारावर काही करायला नको, सगळं लक्ष ओढ्यात द्यावं लागेल.

ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान 2028 मध्ये टायटनकडे निघायचं आहे आणि 2034 मध्ये पोहोचायचं आहे. आधी वाळूच्या टेकड्यांत उतरून मग ते सेल्क विवराकडं सरकत जाणार. वाटेत कुठं गोट्यांचा पट्टा लागला तर मी ते गोटे कसे टेकलेत ते बघणार आहे. वाहत्या ओढ्यात चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसतात, त्यांचा उतार प्रवाह येतो त्या बाजूला असतो. ओढा कोरडा पडल्यावरही पाणी कुठल्या अंगानं आलं होतं ते त्यावरून सांगता येतं.